दोन घशांचा वेबर

मालवा मिलच्या मागे, बंद पिठाच्या गिरणीला चिकटून
निंभोरकर मिस्त्रींचं गॅरेज.
पाटी नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.
मी चौसष्टची फियाट ढकलत आणली,
त्यांनी बॉनेटआधी नाक पुढे केलं :
"पिऊन राहिली आहे."

कार्बोरेटर पुण्याच्या कुणा शर्यतवाल्याने काढून विकलेला,
मी हौसेनं बसवून घेतलेला.
लिटरला साडेचार किलोमीटर,
आणि पाय दाबला की आधी एक खड्डा,
श्वास घ्यायचा विसरल्यासारखा,
मग एकदम आठवून उडी.

प्लग काढले. चारही काजळलेले.
"बिस्किटाचा रंग पाहिजे," म्हणाले,
"चहात न बुडवलेल्या."

मग रबराची नळी.
एक टोक घशाशी, एक स्वतःच्या कानाशी,
बराच वेळ तसेच उभे.
नंतर टोक बनियनला पुसून माझ्या हातात दिलं.
"तूच ऐक. दोन वर्षं झाली,
डावा गेला, उजव्यात नुसती शिट्टी."
कुणाला सांगू नको, असं म्हणाले नाहीत.
फिरोज नेमका तेव्हाच पाने मोजायला बसला.

"काय वाजतंय?"
"फुसफुस."
"सापाची की टायरची?"
"टायरची."
"आणि दुसऱ्यात?"
"सुस्कारा. जाड."
"जाड म्हणजे?"

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं मी,
किणकिण, खळखळ, सळसळ
फळ्यावर लिहून पुसली,
कुणी विचारलं नव्हतं, जाड म्हणजे?

"म्हणजे... ओल्या चादरीतून फुंकल्यासारखा."
ते हसले. स्क्रू पाव फेरा आत.
"आता?"
"चादर वाळत आली."

असे तीन रविवार.
जेट बदलले, एकशे पस्तीस, एकशे तीस,
पितळेचे, तुळशीच्या मण्याएवढे,
एकेक उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलेले.
पंपाची धार पाहिली. गॅस्केटच्या कडा चाचपल्या.
काजळी तीच. खड्डा तोच.
मिस्त्री माझ्याशी बोलेनासे झाले,
कार्बोरेटरशी मात्र बोलत, तेही शिव्यांत.

चौथ्या रविवारी त्यांनी फ्लोट काढला,
दोन पितळी डबे, जुळ्यांसारखे.
सवयीनं स्वतःच्या कानाशी नेला,
थांबले,
माझ्या कानाशी आणून हलवला.
"टिप्," मी म्हणाले.
"टिप् की टप्?"
"टिप्. एकच थेंब. आतला."

चहाचं उकळतं पाणी स्टोव्हपासून लांब, ओट्यावर नेलं,
त्यात बुडवला. सांध्यातून बुडबुड्यांची रांग,
मोहरीपेक्षा बारीक.
ज्यानं तरंगायचं तेच पीत होतं,
पिऊन खाली बसत होतं,
आणि वरचं दार रात्रंदिवस सताड उघडं.

डाग दिला. मग तो डागच जड झाला,
म्हणून कानशीनं घासला.
फिरोज सराफ्यात जाऊन
सोनाराच्या काट्यावर तोलून आला : सव्वीस ग्रॅम.
सोनारानं विचारलं म्हणे, हा दागिना कुणाचा?

मानपूरच्या पुढे भेरू घाट, तिसरा गिअर, चढ.
मिस्त्रींनी चपला काढून तळवे पत्र्यावर टेकवले.
मी पाय दाबला.
खड्डा आला नाही.
"शब्द?" ते ओरडले.
घरघर नव्हे. घुमणं थोडंफार,
पण घुमतं ते मंदिर, नाहीतर पारवा.
सणसण गोफणीच्या दगडाला ठेवावी.
"शब्द नाही मिस्त्री!"
त्यांना ऐकू गेलं नाही,
किंवा तळव्यांतून आधीच गेलं होतं.

परतताना राऊच्या सिग्नलला आयडलिंग डगमगलं.
मी खिडकीची काच खाली केली.
"मागच्या घशात खरखर आहे. कोरडी.
कुणीतरी कागद चुरगाळून राहिलंय."
त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं.
"पुढच्या रविवारी," म्हणाले,
"नळी धुऊन ठेवतो."